सोवेटो पायी बघताना: जोहान्सबर्गच्या टाउनशिपची एक दिवसाची फेरी कशी आखावी

जोहान्सबर्गला जाणारे बरेच पर्यटक सोवेटो दोन-अडीच तासांत उरकतात. बस थेट विलाकाझी स्ट्रीटवर थांबते, मंडेलांच्या घरासमोर फोटो निघतात, जेवण होतं आणि बस परत फिरते. अशा भेटीत सोवेटो दिसत नाही, कारण हे गाव एका घरात किंवा एका रस्त्यात मावणारं नाही. लाखो लोकांची ही वस्ती तीसहून अधिक टाउनशिप, म्हणजे वंशभेदाच्या राजवटीत काळ्या लोकांसाठी शहराबाहेर वसवलेल्या वस्त्या, जोडून तयार झाली आहे. ती का वसवली, कशी वसवली आणि तिथल्या लोकांनी तिचं काय केलं, हे समजायला योग्य क्रमाने आणि शक्य तिथे पायी फिरावं लागतं. विलाकाझी स्ट्रीट सगळ्यात शेवटी ठेवा, ही आमची पहिली शिफारस. पुढची सगळी आखणी त्यावरच उभी आहे.

निघण्याआधी एवढं माहीत हवं

‘सोवेटो’ हा शब्द कुठल्याही आफ्रिकी भाषेतला नाही. ‘साउथ वेस्टर्न टाउनशिप्स’ या इंग्रजी नावाची पहिली अक्षरं जोडून तो १९६३ मध्ये अधिकृतपणे ठरवला गेला. वस्ती मात्र बरीच जुनी आहे आणि तिच्या सुरुवातीला हिंदी (म्हणजे भारतीय) माणसं आहेत, ही गोष्ट मराठी वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावी. १९०४ च्या मार्चमध्ये जोहान्सबर्गच्या ‘कुली लोकेशन’ नावाच्या वस्तीत प्लेग पसरला. गांधीजी तेव्हा जोहान्सबर्गमध्ये वकिली करत होते. त्यांनी आपले सहकारी मदनजित आणि डॉ. विल्यम गॉडफ्रे यांच्यासोबत रुग्णांची शुश्रूषा केली. नगरपालिकेने वस्ती रिकामी करून जाळून टाकली आणि रहिवाशांना शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर क्लिपस्प्रुट या शेतजमिनीवर तंबूंत हलवलं. शेजारीच शहराच्या सांडपाण्याची व्यवस्था होती. सोवेटोची सुरुवात इथून मोजतात. पुढे त्याच भागाला पिमव्हिल हे नाव मिळालं.

मुंबईत १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि शहराची फेररचना सुरू झाली, हे आपल्याला माहीत आहे. जोहान्सबर्गमध्येही साथ हेच निमित्त झालं. फरक असा, की तिथे रोग हटवण्याच्या नावाखाली काळी माणसं शहराबाहेर काढली गेली आणि पुढची ऐंशी वर्षं कायद्याने बाहेरच ठेवली गेली.

आणखी एक कायदा समजून घेतला तर दिवसभर दिसणाऱ्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. १९५२ पासून काळ्या माणसाला शहरी वस्तीत राहायचं तर ‘सेक्शन १०’चा हक्क लागे. जन्म तिथलाच हवा, किंवा एकाच मालकाकडे सलग १० वर्षं नोकरी, किंवा १५ वर्षं कायदेशीर वास्तव्य. हा हक्क नसलेला माणूस ७२ तासांपेक्षा जास्त थांबला की गुन्हेगार ठरे. तपासणीसाठी जवळ बाळगायच्या पासबुकाला लोक ‘डोमपास’ म्हणत. हे पास १९८६ मध्ये रद्द झाले. म्हणजे रस्त्यात भेटणाऱ्या साठीच्या प्रत्येक बाईने किंवा बाप्याने ते स्वतः खिशात वागवलेलं असण्याची शक्यता मोठी आहे.

गाइड कसा निवडावा

गाइडशिवाय सोवेटोत जाता येतं, कायद्याने कसलीच बंदी नाही. तरी पहिल्या भेटीत गाइड घ्याच. त्यामागे सुरक्षितता हे एकच कारण नाही. टाउनशिपमध्ये पाट्या कमी आहेत आणि महत्त्वाच्या जागा घरांच्या रांगांत मिसळून गेलेल्या आहेत. कुठल्या कोपऱ्यावर काय घडलं, हे सांगणारं माणूस सोबत नसेल तर त्या जागेवरून तुम्ही सरळ पुढे निघून जाल.

दक्षिण आफ्रिकेत पैसे घेऊन गाइडचं काम करायचं तर नोंदणी सक्तीची आहे. नोंदणीकृत गाइडकडे बिल्ला आणि ओळखपत्र असतं. ते दाखवायला सांगणं तिथे रीतीचं मानलं जातं, संकोच नको. ओळखपत्रावर तो एका स्थळाचा, एका प्रांताचा की देशभराचा गाइड आहे, हे लिहिलेलं असतं. जोहान्सबर्ग गाउटेंग प्रांतात येतं, तेव्हा त्या प्रांताची नोंद आहे ना, ते बघा.

आरक्षण करण्याआधी गाइडला किंवा कंपनीला पुढचे प्रश्न लेखी विचारा. उत्तरांवरून फेरी कशी होणार, हे बरंचसं कळतं.

१. गाइड सोवेटोत राहतो का, किंवा तिथे वाढला आहे का?
२. साधारण सहा तासांच्या फेरीत पायी चालणं किती? दोन तासांपेक्षा कमी असेल तर आखणी बदलून मागा.
३. गटात किती माणसं? आठच्या वर गेलात की अरुंद गल्लीत मागच्या माणसाला काहीच ऐकू येत नाही आणि मंडेलांच्या घरात उभं राहायला जागा उरत नाही.
४. कुणाच्या घरी जाणार असू तर त्या कुटुंबाला किती पैसे मिळतात, आणि कोण देतं?
५. शाळा, पाळणाघर किंवा अनाथालयाची भेट आखणीत आहे का? असेल तर ती काढून टाकायला सांगा.

पाचव्या प्रश्नाबद्दल आम्ही ठाम आहोत. शाळा सुरू असताना परदेशी पाहुणे वर्गात शिरतात, मुलं गाणं म्हणून दाखवतात, पाहुणे खाऊ वाटतात. आठवड्यातून तीनदा हे घडलं की शिक्षण मोडतं आणि मुलांना अनोळखी माणसांपुढे हात पसरायची सवय लागते. मदत करायची असेल तर फेरी संपल्यावर गाइडला विचारून एखाद्या चालू युवा केंद्राला किंवा वाचनालयाला रीतसर पावती घेऊन पैसे द्या. रस्त्यात पेन, चॉकलेट, नाणी वाटू नका.

वार, वेळ आणि ऋतू

जोहान्सबर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे १७५० मीटर उंचीवर आहे. मे ते ऑगस्ट हा तिथला हिवाळा. हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असतं. सकाळी तापमान शून्याच्या आसपास उतरू शकतं आणि दुपारी स्वेटर काढावासा वाटतो. ऑक्टोबर ते मार्च उन्हाळा असतो आणि दुपारनंतर विजांसह जोरदार पाऊस येतो. त्यामुळे उन्हाळ्यात लवकर निघून पायी चालण्याचा भाग शक्यतो दुपारी दोनच्या आत संपवा. मोकळ्या मैदानात वीज कडाडत असताना थांबणं धोक्याचं आहे. उंचीमुळे ऊन चटका देतं, पण हवा गार असल्याने ते जाणवत नाही. टोपी हवीच, आणि माणशी किमान दीड लिटर पाणी.

वारांचा हिशेब असा. मंगळवार ते शुक्रवार फेरीला सगळ्यात सोयीचे. सोमवारी संग्रहालयं उघडी आहेत का, ते आदल्या दिवशी फोन करून विचारा. शनिवारी सकाळी टाउनशिपमध्ये अंत्ययात्रा निघतात आणि दफनभूमीकडचे रस्ते गाड्यांनी भरतात. त्या दिवशी अव्हलॉन स्मशानभूमी वगळा. रविवारी रेजिना मुंडी चर्चमध्ये उपासना असते. प्रार्थनेला बसायचं असेल तर रविवारसारखा वार नाही. समूहगान ऐकण्यासारखं असतं. पण त्या वेळात चर्च ‘बघायला’ जाता येणार नाही.

१६ जून १९७६ च्या विद्यार्थ्यांच्या मोर्च्याची आणि त्यावरच्या गोळीबाराची आठवण म्हणून १६ जूनला दक्षिण आफ्रिकेत युवा दिनाची सुट्टी असते. ऑर्लँडो वेस्टमध्ये कार्यक्रम, मिरवणुका आणि प्रचंड गर्दी होते. वातावरण अनुभवायला हा दिवस मोलाचा आहे, जागा नीट समजून घ्यायला मात्र गैरसोयीचा. जमलं तर एक दिवस मागे-पुढे करून दोन्ही साधा.

फेरी: क्लिपटाउनपासून ऑर्लँडोपर्यंत

शहराच्या मध्यापासून ऑर्लँडो वेस्ट सुमारे वीस किलोमीटर आहे. सँडटन भागात उतरला असाल तर सकाळच्या रहदारीत एक तास धरा. साडेआठला निघा, उन्हाळ्यात त्याआधी. वाटेत पिवळसर, सपाट माथ्याच्या टेकड्या दिसतील. १८८६ मध्ये सोनं सापडल्यानंतर खाणींतून उपसलेल्या मातीचे हे ढिगारे. शहर आणि टाउनशिप यांच्यामध्ये या खाणपट्ट्याची भिंतच तयार झाली होती. गाइडला इथे गाडी हळू घ्यायला सांगा, कारण सोवेटोचा नकाशा इथूनच कळायला लागतो.

*पहिला थांबा: क्लिपटाउन, पाऊण ते एक तास.* १९०३ पासूनची ही वस्ती. २५ आणि २६ जून १९५५ ला इथल्या मोकळ्या मैदानात सुमारे तीन हजार प्रतिनिधी जमले आणि त्यांनी ‘फ्रीडम चार्टर’ ही समान हक्कांची सनद संमत केली. प्रतिनिधींत काळे, गोरे, मिश्रवंशीय आणि हिंदी असे सगळे होते. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी मैदानाला वेढा घालून नावं लिहून घेतली, कागदपत्रं जप्त केली. पुढच्याच वर्षी सुरू झालेल्या देशद्रोहाच्या खटल्यात १५६ आरोपी होते आणि ही सनद पुरावा म्हणून वापरली गेली. आज तिथे वॉल्टर सिसुलू चौक आहे. शंकूच्या आकाराच्या विटांच्या मनोऱ्यात सनदेची दहा कलमं कोरलेली आहेत. या चौकाची गेल्या काही वर्षांत मोठी मोडतोड झाली आहे, तेव्हा आत जाता येईल का आणि कितपत, हे गाइडकडून आधीच समजून घ्या. आत जाता आलं नाही तरी क्लिपटाउन गाळू नका. रेल्वेरुळांच्या पलीकडे पत्र्याची घरं आणि सामायिक नळ आहेत. सनदेत घरांबद्दलचं कलम वाचायचं आणि मग पूल ओलांडून ती वस्ती बघायची, या क्रमाने गेलात तर गाइडला काय विचारायचं, ते आपोआप सुचतं.

रुळांपलीकडे जाताना स्थानिक माणूस सोबत असायलाच हवा, आणि तो त्याच गल्लीतला हवा. दुसऱ्या भागातला गाइड स्वतःच तिथे परका असतो.

*दुसरा थांबा: रेजिना मुंडी, रॉकव्हिल, अर्धा तास.* गाडीने दहा-पंधरा मिनिटं. साठच्या दशकात बांधलेलं हे मोठं कॅथलिक चर्च. राजकीय सभांवर बंदी होती तेव्हा लोक इथे जमत. अंत्यसंस्काराला जमाव येणं स्वाभाविक होतं, म्हणून प्रार्थना आणि सभा यांच्यात सीमा उरली नाही. १६ जून १९७६ ला पळणारे विद्यार्थी आत शिरले आणि पोलीस त्यांच्या मागोमाग आले. छतातली गोळ्यांची भोकं आणि वेदीचा तुटलेला संगमरवरी कोपरा आजही ठेवलेला आहे. लॅरी स्कली यांनी १९७३ मध्ये काढलेलं काळ्या मेरीचं चित्रही इथेच आहे. चर्चमध्ये टोपी काढा, आवाज खाली ठेवा. आत माहिती सांगायला चर्चची माणसं असतात. त्यांना बोलू द्या, आपल्या गाइडला मागे राहायला सांगा. देणगीपेटीत वीस-पन्नास रँड टाका.

*तिसरा थांबा: मॉरिस आयझॅक्सन हायस्कूल परिसर, सेंट्रल वेस्टर्न जबावू, अर्धा तास.* १९७६ च्या मोर्च्याचं हे एक उगमस्थान. १९७४ च्या फतव्याने काळ्या मुलांच्या शाळांत गणित आणि समाजशास्त्रासारखे विषय गोऱ्या राज्यकर्त्यांच्या आफ्रिकान्स भाषेतून शिकवणं सक्तीचं झालं होतं. ही भाषा शिक्षकांनाही नीट येत नव्हती. इथला विद्यार्थी त्सिएत्सी माशिनिनी या मोर्च्याच्या अग्रभागी होता. नंतर तो देशाबाहेर गेला आणि १९९० मध्ये परदेशातच वारला. शाळेसमोर १६ जूनचं स्मृतिस्थळ आहे. शाळा चालू असते, आत जाऊ नका. जवळच १९५७ मध्ये उभारलेला ओपेनहायमर मनोरा आहे. खाणमालक अर्नेस्ट ओपेनहायमर यांनी घरबांधणीसाठी मिळवून दिलेल्या तीस लाख पौंडांच्या कर्जाची ही खूण. उघडा असेल तर दहा मिनिटं वर चढून या. एकसारख्या छपरांच्या रांगा पार क्षितिजापर्यंत गेलेल्या दिसतात.

*चौथा थांबा: ऑर्लँडो वेस्ट, अडीच ते तीन तास, सगळं पायी.* १९७६ च्या त्या मोर्च्यातल्या विद्यार्थ्यांना ऑर्लँडो स्टेडियमपर्यंत जायचं होतं. पोलिसांनी त्यांना ऑर्लँडो वेस्टमध्येच अडवलं. मोएमा आणि विलाकाझी स्ट्रीटच्या कोपऱ्याजवळ गोळीबार झाला. बारा वर्षांचा हेक्टर पीटरसन आणि पंधरा वर्षांचा हेस्टिंग्ज एनदलोवू हे पहिल्या बळींपैकी. म्बुयिसा माखुबोने हेक्टरला उचलून धरलं आहे आणि बाजूला हेक्टरची बहीण अँटोनेट धावते आहे, हे सॅम एन्झिमा यांचं छायाचित्र जगभर गेलं. सरकारी आकडा १७६ मृतांचा होता, इतर अंदाज त्याहून कितीतरी मोठे आहेत.

आधी संग्रहालय बघा, मग कोपरा. हेक्टर पीटरसन संग्रहालय १६ जून २००२ ला उघडलं. लाल विटांची ही इमारत आहे आणि तिच्या खिडक्या मुद्दाम सोवेटोतल्या ठरावीक जागांच्या दिशेने उघडतात. खिडकीशी थांबा, समोर काय दिसतं ते गाइडला विचारा, मगच पुढे जा. बरेच लोक फलक वाचत भराभर पुढे जातात आणि खिडक्यांकडे बघतच नाहीत. आतल्या अंगणात मृतांच्या नावांचे दगड विखुरलेले आहेत. इथे निदान पाऊण तास द्या. लहान मुलं बरोबर असतील तर काही छायाचित्रं आणि चित्रफिती त्यांना झेपणार नाहीत, म्हणून एका मोठ्या माणसाने त्यांच्यासोबत बाहेर थांबावं.

तिथून मंडेलांचं घर चालत दहा-बारा मिनिटांवर आहे. घर क्रमांक ८११५, विलाकाझी आणि एन्गाकाने स्ट्रीटचा कोपरा. मंडेला इथे १९४६ मध्ये राहायला आले. १९६२ मध्ये अटक झाल्यावर ते थेट १९९० मध्येच परतले आणि तेव्हाही जेमतेम अकरा दिवस राहिले. मधली वर्षं त्यांची पत्नी विनी मंडेला आणि मुलींनी काढली. १९७७ मध्ये विनींना दूरच्या ब्रँडफोर्ट गावी हद्दपार केलं गेलं. भिंतींवर गोळ्यांच्या आणि आगीच्या खुणा आहेत. घर इतकं लहान आहे, की एका वेळी एकच गट आत मावतो. साडेअकरा ते एक या वेळात रांग लागते. आमच्या क्रमाने आलात तर तुम्ही दोनच्या सुमारास इथे पोचता आणि तोवर बसेस गेलेल्या असतात.

याच रस्त्यावर डेस्मंड टुटूंचं घर आहे. १९८४ आणि १९९३ अशी दोन शांततेची नोबेल पारितोषिकं एका रस्त्याला मिळाली, असं सगळेच गाइड सांगतात. टुटूंचं घर खासगी आहे, फाटकाबाहेरूनच बघायचं. रस्त्याला नाव मात्र या दोघांपैकी कुणाचं नाही. ते बेनेडिक्ट वॉलेट विलाकाझी यांचं. झुलू भाषेचे कवी आणि कोशकार, विटवॉटर्सरँड विद्यापीठात शिकवणारे पहिले काळे अध्यापक, आणि १९४६ मध्ये डॉक्टरेट मिळवणारे दक्षिण आफ्रिकेतले पहिले काळे अभ्यासक. जिथे लोकांना घर विकत घेता येत नव्हतं, तिथे रस्त्याला भाषापंडिताचं नाव आहे. त्यांच्याबद्दल गाइडला मुद्दाम विचारा. दुकानांच्या गर्दीत हा माणूस बहुतेक फेऱ्यांमधून गळून जातो.

वेळ उरला तर परतताना ऑर्लँडो वीजकेंद्राचे रंगवलेले दोन मनोरे बघा. १९४२ ते १९९८ हे केंद्र चाललं. वीज जोहान्सबर्गला जात होती आणि धूर सोवेटोवर पसरत होता. सोवेटोतल्या बहुसंख्य घरांत ऐंशीच्या दशकापर्यंत वीज नव्हती.

घरं वाचायला शिका

सोवेटोचा इतिहास संग्रहालयांपेक्षा घरांत जास्त लिहिलेला आहे, आणि ही गोष्ट गाडीतून कळत नाही.

सगळ्यात जास्त दिसतं ते ‘मॅचबॉक्स’ म्हणजे काडेपेटी घर. १९५१ च्या सरकारी आराखड्यावरून त्याला ‘५१/६’ किंवा ‘५१/९’ म्हणतात. चार खोल्या, सुमारे ४० चौरस मीटर, म्हणजे साधारण ४३० चौरस फूट. मुंबईच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांची खोली बघितलेल्या माणसाला हे प्रशस्त वाटेल. पण इथे फुटांपेक्षा मालकीचा प्रश्न मोठा होता. हे घर नगरपालिकेचं, राहणारा भाडेकरू, आणि नोकरी गेली किंवा नवरा वारला की राहण्याचा हक्कच धोक्यात. ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याची सोय १९७८ मध्ये आली. त्यानंतर लोकांनी घरं वाढवायला सुरुवात केली.

म्हणून चालताना प्रत्येक घरात मूळ काडेपेटी शोधा. छपराचा जुना उतार, दोन लहान खिडक्या आणि मधलं दार दिसलं की मूळ घर सापडलं. बाकी सगळं लोकांनी केलेलं: पुढे वाढवलेली खोली, नवी कौलं, नक्षीचं कुंपण, गाडीसाठी छप्पर. मागच्या अंगणात भाड्याने दिलेल्या एक-दोन खोल्या असतातच. कित्येक घरांचं उत्पन्न त्यावर चालतं.

दुसरा प्रकार हॉस्टेलचा. खेड्यातून एकट्याने आणलेल्या पुरुष कामगारांसाठी बांधलेल्या लांबलचक बराकी. बायकोमुलांना तिथे परवानगी नव्हती. गिरणगावात गावाकडच्या पुरुषांचे गाळे असत, त्याची आठवण होईल. पण आपल्याकडे बायकामुलांना शहरात आणायला पैसा आणि जागा आड येई, तिथे कायदा आड येत होता. हॉस्टेलमध्ये ओळखीशिवाय जाऊ नका.

तिसरी पत्र्याची झोपडी आणि चौथी १९९४ नंतर सरकारने दिलेली छोटी स्वतंत्र घरं, त्यांना ‘आरडीपी’ म्हणतात. आणि हो, डीपक्लूफच्या विस्तारित भागात मोठे बंगलेही आहेत. लोक त्या भागाला ‘डीपक्लूफ एक्स्पेन्सिव्ह’ म्हणतात. गाइडला तिथूनही गाडी न्यायला सांगा. सोवेटो म्हणजे केवळ गरिबी, असं मनात धरून परत आलात तर फेरी चुकली.

भागांची नावंही बोलतात. पन्नासच्या दशकापासून सरकारने भाषेनुसार वस्त्या वाटल्या. झोला आणि झोंडीत झुलू, नालेदी आणि मोलेत्साने इथे सोथो-त्स्वाना, चियावेलोत वेंडा आणि त्सोंगा. मेडोलँड्समध्ये ९ फेब्रुवारी १९५५ पासून सोफियाटाउन या जोहान्सबर्ग शहरातल्या वस्तीतून ट्रकमध्ये भरून आणलेली माणसं. माणसं वेगळी राहावीत हा हेतू होता. झालं उलटं: आज सोवेटोत एकाच वाक्यात चार भाषा येतात.

अभिवादन आणि फोटो

आधी अभिवादन, मग प्रश्न. हा क्रम मोडला की माणूस मिटतो. झुलूत एका व्यक्तीला ‘सावुबोना’, अनेकांना ‘सानिबोनानी’. सोथो आणि त्स्वानात ‘दुमेला’, अनेकांना ‘दुमेलांग’. पुढे ‘उनजानी?’ म्हणजे कसे आहात. आभारासाठी ‘न्गियाबोंगा’. वयस्कर बाईला ‘मा’ किंवा ‘मामा’, फार वृद्ध असेल तर ‘गोगो’ म्हणजे आजी, पुरुषाला ‘बाबा’. वस्तू घेताना दोन्ही हात पुढे करा, किंवा उजव्या हाताने घ्या आणि डावा हात उजव्या कोपराला लावा. आपल्याकडे प्रसाद घेताना करतो, जवळजवळ तसंच.

फोटोचा नियम साधा ठेवा. इमारती, रस्ते, भित्तिचित्रं खुशाल टिपा. माणसाचा चेहरा ओळखू येणार असेल तर विचारून. लहान मुलांचा फोटो आईवडील समोर नसतील तर काढूच नका, मुलं स्वतःहून पोझ देऊन उभी राहिली तरी. कुणाच्या घराच्या आतलं दृश्य खिडकीतून टिपू नका. रस्त्यावर नाच करणारे कलाकार त्यावरच पोट भरतात, त्यांचा व्हिडिओ घेतला तर दहा-वीस रँड द्या. सगळ्यात जास्त तंटे इथेच होतात: पर्यटक दुरून शूट करतो आणि पाठ फिरवतो.

जेवण, शाकाहार्‍यांसह

मांसाहारी असाल तर ‘शिसा न्यामा’ मागा. निखाऱ्यावर भाजलेलं मांस, सोबत ‘पाप’ म्हणजे पांढऱ्या मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि ‘चाकालाका’ नावाची तिखट भाजी. ‘मोगोदू’ म्हणजे शिजवलेली वजडी. ती आवडणाऱ्याला इथली नक्की आवडेल. रस्त्यावरचा राजा म्हणजे ‘कोटा’. पावाचा पाव हिस्सा पोखरून त्यात बटाट्याचे तळलेले काप, सॉसेज, चीज आणि ‘अचार’ भरतात. हा अचार कैरीचाच, आणि शब्दही आपल्याच भागातून तिथे गेलेला.

शाकाहारी माणसाने पाप, चाकालाका आणि ‘मोरोगो’ ही पालेभाजी मागावी. ‘नो मीट’ एवढं सांगून भागत नाही. चाकालाकात किंवा भाजीत मांसाच्या चवीचे स्टॉकचे तुकडे घातलेले असतात, म्हणून ‘स्टॉक आहे का’ हेही विचारा. ‘मग्विन्या’ हे तळलेले आंबवलेल्या कणकेचे गोळे सकाळी गरम मिळतात. आत खिमा नको, हे आधीच सांगा. तळणीचं तेल वेगळं असेल, याची खात्री नसते. तेवढंही चालत नसेल तर फळं आणि डबा सोबत ठेवा. कुणी ‘उमकोंबोथी’ ही ज्वारी-मक्याची आंबट बीअर सामायिक भांड्यातून पुढे केली तर दोन्ही हातांनी घ्या. प्यायची नसेल तर ओठाला न लावता हसून आभार मानून पुढच्याला द्या, कुणी वाईट मानत नाही.

पैसे, वाहन, सुरक्षितता

दहा, वीस आणि पन्नास रँडच्या नोटा वेगळ्या खिशात ठेवा. मोठं पाकीट रस्त्यात उघडायची वेळ येऊ देऊ नका. पैसे काढायचे असतील तर मॉलमधल्या एटीएममधून काढा. गाडी राखणाऱ्याला पाच-दहा रँड, गाइडला फेरीच्या रकमेच्या दहा टक्क्यांपासून पुढे टिप. पासपोर्ट हॉटेलात, छायाप्रत जवळ. फोन हातात धरून चालू नका. फोटो काढला की आत ठेवा.

‘रेया वाया’ ही बस २००९ पासून सोवेटो आणि शहर जोडते. दुसऱ्या भेटीत ती वापरून बघा. मिनीबस टॅक्सी ही तिथल्या लोकांची खरी गाडी. हाताच्या खुणेने ती थांबवतात, तर्जनी वर केली की ‘शहराकडे’. गाइडसोबत एक टप्पा या टॅक्सीने जरूर करा. मागच्या रांगांकडून पैसे पुढे सरकत येतात आणि चालकाशेजारी बसलेल्याने हिशेब करून सुटे परत पाठवायचे असतात. हिशेबात घोळ होईल असं वाटत असेल तर पुढे बसू नका. अंधार पडायच्या आत परत निघा. अडचण आली तर पोलिसांसाठी १०१११, मोबाइलवरून ११२.

भारतीय पासपोर्टला व्हिसा आधी काढावा लागतो. पासपोर्टमध्ये दोन कोरी पानं आणि परतीनंतर किमान ३० दिवसांची मुदत हवी. नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गे जाताना तिथे १२ तासांहून जास्त थांबा असेल तर पीतज्वराच्या लशीचा दाखला मागतात. हे अनेकांना विमानतळावरच कळतं.

आणखी एक दिवस असेल तर

आदल्या दिवशी जोहान्सबर्ग शहरातला न्यूटाउन भाग बघा. १६ ऑगस्ट १९०८ ला हमीदिया मशिदीसमोर हिंदी लोकांनी त्यांच्यावर लादलेले दोन हजारांहून जास्त नोंदणी दाखले कढईत टाकून जाळले. तिथे त्या कढईचं स्मारक आहे. मग कॉन्स्टिट्यूशन हिल या जुन्या तुरुंगात जा. गांधीजी आणि मंडेला दोघेही या आवारात कैदी होते. या क्रमाने दुसऱ्या दिवशी सोवेटोत गेलात की पासांची गोष्ट सलग लागते. सोवेटोच्या दक्षिणेला लेनेशिया आहे. वंशानुसार राहण्याचे भाग ठरवणाऱ्या ग्रुप एरियाज कायद्याखाली शहरातून हुसकलेल्या हिंदी कुटुंबांना तिथे वसवलं गेलं. मंडेलांसोबत रिव्होनिया खटल्यात शिक्षा झालेले अहमद कथराडा यांचं वास्तव्य इथे होतं. शाकाहारी जेवणाची अडचणही इथे सुटते.

तुमचा मुक्काम केप टाउनलाच असेल तर सोवेटोऐवजी लांगा निवडा. शहरापासून बारा-तेरा किलोमीटर, १९२७ मध्ये रीतसर उघडलेली, केप टाउनमधली आज उभी असलेली सगळ्यात जुनी टाउनशिप. ती लहान आहे, त्यामुळे तीन तासांत सगळी पायी होते. सुरुवात डोमपास संग्रहालयापासून करा. तिथेच पासच्या गुन्ह्यांचं न्यायालय भरत असे. ३० मार्च १९६० ला तेवीस वर्षांचा फिलिप क्गोसाना इथून सुमारे तीस हजार लोकांना घेऊन शहरात चालत गेला होता. शेवट गुगा स्थेबे कला केंद्रात, तिथल्या कुंभारांकडून भांडी थेट विकत घेता येतात. इथे अभिवादन बदलतं: खोसा भाषेत ‘मोलो’, अनेकांना ‘मोल्वेनी’, आणि आभारासाठी ‘एन्कोसी’.